श्रुतलेखनातले गाळलेले शब्द

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणाऱ्या एका आईने लिहिले आहे. त्यांची मुलगी सात वर्षांची असून दुसरीत आहे. गेल्या दिवाळीपासून ती बोलता बोलता मध्येच थांबते, नजर एका जागी खिळते, पापण्या हलक्या फडफडतात आणि आठ-दहा सेकंदांनी ती होती तिथून पुढे सुरू करते. शाळेतून "लक्ष नसते" असा शेरा आला. श्रुतलेखनाच्या वहीत मधलेच शब्द गायब असतात. एकदा सातचा पाढा म्हणताना ती "सात चोक" वर अडली, तेव्हा आईने पाठीत धपाटा घातला आणि त्याची टोचणी त्यांना अजून आहे. सासूबाईंनी दृष्ट काढून झाली, जवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक देऊन झाले. आता एका बालरोगतज्ज्ञांनी "हा फिटचा प्रकार असू शकतो" असे सांगून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद घेणारी तपासणी, करायला सांगितला आहे. पतीचे म्हणणे असे की फिट आली की माणूस खाली पडतो, तोंडाला फेस येतो. इथे तसे काही नाही. शिवाय एकदा हे नाव लागले की शाळेत आणि उद्या लग्नात ते आडवे येईल, तेव्हा वर्षभर वाट पाहावी. धाकट्या दिरांना फिटचा त्रास आहे, त्यांच्याच गोळीतली अर्धी देऊन पाहावी असेही घरात कोणी सुचवले आहे. आईचे प्रश्न असे: तपासणी करावी की थांबावे? औषधाने मुलीची बुद्धी मंद होईल का? शाळेला सांगावे का?

तुमच्या चार पानी पत्रातले एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात आणि मी मात्र तिथेच अडले. श्रुतलेखनात तिच्या चुका फारशा नसतात, फक्त वाक्याच्या मधलेच दोन-तीन शब्द नसतात, असे तुम्ही म्हणता. ज्या मुलाला शब्द लिहिता येत नाही, ते तो चुकीचा लिहिते. ज्याचे लक्ष खिडकीबाहेर गेलेले असते, त्याची ओळच्या ओळ राहते किंवा ते शेजारच्या वहीत डोकावते. पण अर्धे वाक्य नीट, मग दोन शब्द नाहीतच आणि त्यापुढचे वाक्य पुन्हा बिनचूक, अशी वही वेगळे काही सांगत असते. बाई ते शब्द वाचत होत्या तेव्हा तुमची मुलगी बाकावर बसलेली होती, पेन्सिल तिच्या हातात होती, परंतु ते शब्द तिच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे. मात्र तुम्ही केलेले वर्णन ज्या आजाराशी जुळते, तो बालरोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. या झटक्यांना अ‍ॅब्सेन्स सीझर म्हणतात. साधारण चार ते दहा या वयात ते सुरू होतात, मुलांपेक्षा मुलींमध्ये काहीसे अधिक दिसतात आणि एरवी मूल अगदी निरोगी असते. झटका एकाएकी येतो आणि एकाएकीच जातो. तो बहुधा पाच ते वीस सेकंदांचा असतो. त्या वेळात मूल ऐकत नाही, उत्तर देत नाही. कधी ओठ चाटते, कधी फ्रॉकची कड चाचपते, कधी डोळे किंचित वर जातात. झटका संपल्यावर त्याला ना गुंगी असते, ना थकवा, ना आपण थांबलो होतो याची जाणीव. असे झटके दिवसाला दहा-वीस येऊ शकतात, काही मुलांना शंभरही येतात.

तुमच्या यजमानांचे पहिले गृहीतक इथेच तपासून पाहायला हवे. आपल्याकडे फिट, फेफरे, मिरगी, आकडी हे सगळे शब्द एकाच चित्रासाठी वापरले जातात: रस्त्यात पडलेला माणूस, आखडलेले हातपाय, भोवती जमलेली गर्दी आणि गर्दीतला एक जण नाकाशी चप्पल धरणारा. ते चित्र अपस्माराच्या, म्हणजे एपिलेप्सीच्या, अनेक प्रकारांपैकी एकाचे आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात आणि ते बोलणे काही काळ बिघडले की झटका येतो. बिघाड कुठे आणि कसा झाला, यावर बाहेर काय दिसेल ते ठरते. अ‍ॅब्सेन्स सीझरमध्ये मेंदूच्या आत खोलवर असलेला थॅलॅमस आणि वरचे आवरण यांच्यातली देवाणघेवाण एका ठरावीक लयीत अडकते, सेकंदाला सुमारे तीन ठोके अशी. ही लय चालू असेपर्यंत बाहेरचे काही आत शिरत नाही. हातपाय झाडण्याचा, फेसाचा इथे संबंध येत नाही. बोस्टनमधल्या संशोधकांनी १९३५ साली हीच लय कागदावर उमटवून दाखवली आणि ईईजीवरची ती टोकदार-गोलाकार नक्षी आजही या निदानाची मुख्य खूण आहे.

आता दुसरे गृहीतक, जे शाळेचे आहे आणि काही अंशी तुमचेही होते: ती लक्ष देत नाही. मुले स्वप्नात हरवतात, यात शंका नाही, आणि तंद्री लागणारे प्रत्येक मूल मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचे ठरवले तर ओपीडीच्या रांगा परळ नाक्यापर्यंत जातील. परंतु तंद्री कंटाळ्यात लागते. ती हळूहळू लागते, आणि नावाने हाक मारली, खांद्याला हात लावला किंवा "आइस्क्रीम हवे का?" एवढे विचारले तरी मोडते. अ‍ॅब्सेन्स सीझर कंटाळ्याची वाट पाहत नाही. तो खेळताना, हसताना, वरणभाताचा घास तोंडाशी नेताना, एखाद्या शब्दाच्या मध्यावरसुद्धा येतो. हात अधांतरी राहतो, आणि खांदा हलवला तरी मूल परत येत नाही. तुम्ही धपाटा घातल्यावर ती "अठ्ठावीस" म्हणाली, म्हणून धपाट्याचा उपयोग झाला असे तेव्हा वाटले असेल. बहुधा झटका तेवढ्यात आपणहून संपला होता.

त्या धपाट्याबद्दल तुम्ही स्वतःला फार दूषणे दिली आहेत, म्हणून माझेही एक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका आठ वर्षांच्या मुलाच्या आईला मी टीव्ही कमी करण्याचा आणि लवकर झोपवण्याचा सल्ला देऊन परत पाठवले होते. ती "मध्येच थांबतो" असे म्हणत होती आणि मी "लक्ष नसते" असे लिहून घेत होते. सहा महिन्यांनी तो मुलगा माझ्यासमोर बोलता बोलता थांबला, तेव्हा कुठे मला तिच्या शब्दांचा अर्थ कळला. डॉक्टरांनाही दिसायला वेळ लागतो, याचे कारण झटका दहा सेकंदांचा असतो आणि आम्ही त्या वेळी कागदावर वाकलेलो असतो.

तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलीला भिरभिरे फुंकायला दिले होते का, हे पत्रात नाही. ही तपासणी इतकी साधी आहे की पालकांना ती खेळच वाटते. मुलाच्या हातात कागदी भिरभिरे द्यायचे आणि सुमारे तीन मिनिटे सलग, खोल श्वास घेत ते फिरवत ठेवायला सांगायचे. पहिल्या मिनिटात मूल खुशीत असते, दुसऱ्या मिनिटात दमते, आणि मग ज्याला हा आजार असतो त्याच्या बाबतीत फुंकर अचानक तुटते. भिरभिरे गिरक्या घेत मंद होते आणि थांबते. मुलाची मान सरळ असते, डोळे उघडे असतात, पापण्या मात्र सेकंदाला दोन-तीनदा थरथरतात. डॉक्टर या वेळी एखादा शब्द उच्चारतात, समजा "हत्ती". काही सेकंदांनी मूल पुन्हा फुंकू लागते, आणि मी कोणता शब्द म्हटला असे विचारले तर ते गोंधळून आईकडे पाहते. उपचार सुरू न झालेल्या बहुतेक मुलांत खोल श्वासोच्छ्वासाने झटका असा समोर आणता येतो. मात्र दमा, हृदयविकार किंवा रक्ताचे काही आजार असलेल्या मुलांना हे करायला लावत नाहीत, म्हणून हा प्रयोग घरी करू नये, डॉक्टरांवर सोपवावा.

घरी करण्यासारखे दुसरे काम आहे आणि ते तुमच्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही. मोबाइलवर तिचे चित्रीकरण करा. जेवताना, पाढे म्हणताना, गोष्ट सांगताना फोन समोर टेकवून ठेवा आणि झटका दिसला की तिला नावाने हाक मारा, हाताला स्पर्श करा, म्हणजे प्रतिसाद मिळतो की नाही हे चित्रातच कळेल. दोन-तीन चांगल्या फिती डॉक्टरांना जेवढे सांगतात, तेवढे आपले वर्णन सांगू शकत नाही. त्याच्या जोडीला आठवडाभर सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन रकान्यांत झटक्यांच्या रेघा ओढा. श्रुतलेखनाची वहीसुद्धा बरोबर न्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न: तपासणी करावी की वर्षभर वाट पाहावी. यजमानांची बाजू पूर्णपणे चुकीची नाही, हे आधी मान्य करते. दहा सेकंदांच्या या झटक्यांनी मेंदूला इजा होते असे दिसत नाही, आणि यांतली पुष्कळ मुले मोठी होता होता या आजारातून बाहेर पडतात. त्यामुळे उद्याच धावपळ केली नाही तर अनर्थ ओढवेल, अशी ही बाब नाही. पंधरा दिवसांनी वेळ मिळाली तरी चालेल. परंतु वर्षभर थांबण्याचा हिशेब करून पाहा. दिवसाला पन्नास झटके आणि प्रत्येकी दहा सेकंद धरले तर पाचशे सेकंद होतात, म्हणजे जेमतेम आठ-नऊ मिनिटे. आठ मिनिटे सलग गेली असती तर फारसे बिघडले नसते. पण ती पन्नास ठिकाणी विखुरलेली असतात: हातच्याचे गणित समजावताना एक, रस्ता ओलांडताना एक, मैत्रिणीने गुपित सांगताना एक. सात वर्षांच्या मुलीला आपल्याला काही ऐकू आले नाही हेच ठाऊक नसते, तेव्हा ती पुन्हा विचारतही नाही. इतरांना समजते आणि मला समजत नाही, एवढाच निष्कर्ष तिच्या हाती उरतो, आणि वर्षभरात तो पक्का होतो. थांबण्याची खरी किंमत मला ही वाटते, आणि रस्त्यावरचा धोका आहे तो वेगळाच.

शिवाय नाव न लावल्याने आजार जात नाही, पण योग्य औषध मात्र दूर राहते. दिरांच्या गोळीचा मुद्दा इथे येतो आणि त्याबाबत मी अगदी स्पष्ट लिहिते: ती गोळी तिला देऊ नका, अर्धी नाही आणि पावही नाही. अपस्माराची सगळी औषधे सगळ्या प्रकारांवर चालत नाहीत. मोठ्या माणसांना सर्रास दिली जाणारी कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधे अ‍ॅब्सेन्स सीझर वाढवू शकतात. दिरांना जे वरदान ठरले, तेच तुमच्या मुलीचे झटके दुप्पट करू शकेल, आणि मग घरात सगळे म्हणतील की डॉक्टरांचा अंदाज चुकला.

ईईजीची धास्ती घेण्याचे कारण नाही. या यंत्रातून शरीरात काहीही सोडले जात नाही. डोक्याला चिकटवलेल्या बारीक तारा मेंदूतली वीज फक्त टिपून घेतात. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि तेल अजिबात लावू नका, कारण तेलकट डोक्यावर तारा चिकटत नाहीत. आजीला हे आधीच सांगून ठेवलेले बरे. पुष्कळदा मुलाला त्या रात्री कमी झोपवून आणायला सांगतात, तशी सूचना असेल तर पाळा, पण उपाशी नेऊ नका. तपासणीत तिला खोल श्वास घ्यायला सांगतील, डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतील. खाजगी केंद्राचा खर्च जड वाटत असेल तर केईएम, सायन, नायर ही महापालिकेची रुग्णालये आहेत आणि परळला मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागेल, एक दिवस रजा टाकावी लागेल आणि ईईजीसाठी पुढची तारीख मिळेल, एवढी तयारी ठेवा. वर्णन, तपासणी आणि ईईजी हे तिन्ही नमुनेदार असेल तर एमआरआयची सहसा गरज पडत नाही. झटके चार वर्षांच्या आतच सुरू झाले असतील, मुलाची वाढ मागे असेल, किंवा झटका मिनिट-दोन मिनिटे चालून नंतर मूल गोंधळलेले आणि झोपाळू राहत असेल, तर मात्र डॉक्टर अधिक तपासण्या सांगतील आणि त्या करायला हव्यात. असे झटके मेंदूच्या एखाद्या भागातून उठणाऱ्या वेगळ्या प्रकारचे असू शकतात आणि त्यांचे उपचार निराळे आहेत. तुमच्यासारखेच पत्र लिहू पाहणाऱ्या इतर पालकांसाठी हा फरक मुद्दाम नोंदवते.

निदान पक्के झाले तर औषध कोणते, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. परंतु त्यांच्यासमोर बसताना तुम्हाला काही गोष्टी माहीत असाव्यात. या आजारासाठी मुख्यतः तीन औषधे वापरली जातात: एथोसक्सिमाइड, व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन. अमेरिकेत ४५३ मुलांवर या तिघांची तुलना करणारा मोठा अभ्यास झाला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. चार-पाच महिन्यांनंतर झटके थांबलेले आहेत आणि औषधही सोसले आहे, अशा मुलांचे प्रमाण एथोसक्सिमाइडवर ५३ टक्के, व्हॅल्प्रोएटवर ५८ टक्के आणि लॅमोट्रिजिनवर २९ टक्के निघाले. पहिल्या दोहोंतला फरक नगण्य होता. पण एकाग्रतेच्या चाचणीत अडखळणारी मुले व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत ४९ टक्के आणि एथोसक्सिमाइड घेणाऱ्यांत ३३ टक्के होती. म्हणून ज्या मुलांना केवळ अ‍ॅब्सेन्स सीझर आहेत, त्यांच्यासाठी एथोसक्सिमाइड पहिल्या पसंतीचे मानले जाते. ते प्रत्येक केमिस्टकडे असतेच असे नाही, कधी मागवून घ्यावे लागते. त्याने सुरुवातीला पोटात दुखणे, मळमळ, उचकी असा त्रास होऊ शकतो आणि जेवणानंतर दिल्याने तो बराच कमी होतो. हातपाय झाडणाऱ्या मोठ्या झटक्यांवर मात्र ते काम करत नाही. तसा झटकाही येऊन गेला असेल तर गणित बदलते.

व्हॅल्प्रोएट आपल्याकडे सहज मिळते आणि दोन्ही प्रकारच्या झटक्यांवर चालते, त्यामुळे ते सुरू केले गेले तर डॉक्टरांनी हयगय केली असे समजू नका. त्याने भूक आणि वजन वाढू शकते, केस गळू शकतात, यकृत आणि रक्तातल्या प्लेटलेट यांच्याकडे लक्ष ठेवावे लागते. मुलींच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे: गर्भारपणात हे औषध पोटातल्या बाळाला गंभीर इजा करू शकते. सात वर्षांच्या मुलीसाठी आज हा प्रश्न नाही, पण औषध वयात येईपर्यंत चालू राहण्याची शक्यता असेल तर "पुढे हे बदलणार का?" असे आजच विचारून ठेवणे तुमचा हक्क आहे. लॅमोट्रिजिन फार सावकाश वाढवावे लागते, आणि अंगावर पुरळ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते.

औषधाने बुद्धी मंद होईल का, या प्रश्नामागचे भय मी समजू शकते, कारण जुन्या काळची काही औषधे मुलांना खरोखर गुंगीत ठेवत. आज प्रश्न थोडा उलटा करून पाहा. दिवसातून पन्नास वेळा वर्गातून गायब होणारी मुलगी आज किती शिकते आहे? झटके थांबल्यावर अनेक घरांतून मला एकच वाक्य ऐकायला मिळते, की ती आता फार प्रश्न विचारते. तरीही खोटा दिलासा देत नाही. या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना एकाग्रतेची अडचण औषध सुरू होण्यापूर्वीपासूनच असते आणि झटके थांबल्यावरही ती राहू शकते. झटके बंद झाले आणि अभ्यास अजून अडत असेल, तर सगळा दोष औषधाच्या माथी मारून ते बंद करू नका. त्या अडचणीची स्वतंत्र तपासणी करून घ्या.

औषध अचानक बंद करणे हा सर्वांत मोठा धोका आहे आणि तो बहुधा आजार बरा वाटू लागल्यावरच पत्करला जातो. साधारणपणे दोन वर्षे एकही झटका न येता गेल्यावर, ईईजी पुन्हा पाहून, डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. सिरप घरच्या चमच्याने नको, बाटलीबरोबरच्या मापानेच द्या. गणपतीला गावी जाणार असाल तर पंधरा दिवसांचे लागत असेल तिथे महिन्याचे औषध न्या, तेही दोन वेगळ्या पिशव्यांत. कोकणातल्या आडगावी हे औषध मिळेल, या भरवशावर निघू नका.

लग्नाची काळजी सात वर्षांच्या मुलीसाठी करावी लागते, हे वाचून वाईट वाटले, पण ही काळजी खोटी आहे असे म्हणणार नाही. अपस्माराचा उल्लेख हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात पूर्वी होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. कायदा बदलला तेवढ्या वेगाने चाळीतली कुजबुज बदलत नाही, हे खरे. पण यजमानांशी बोलताना एक गोष्ट शांतपणे मांडा: बहुतेक मुलांचे हे झटके किशोरवयापर्यंत थांबतात, आणि लपवून ठेवलेला, उपचार न झालेला आजार उपचार होऊन थांबलेल्या आजारापेक्षा पुढे अधिक अडचणीचा ठरतो. काही मुलांना मोठेपणी मोठे झटके येऊ शकतात किंवा सकाळी उठल्यावर हातांना हिसके बसू शकतात. पुढे कधी सकाळी तिच्या हातातून कप वारंवार निसटू लागला तर वेंधळेपणा म्हणून सोडून देऊ नका. आणि दिरांना त्रास आहे म्हणून आजार कोणत्या घराण्याकडून आला याची चर्चा सुरू झालीच, तर आनुवंशिकतेचा वाटा असला तरी तो असा सरळ एका काकाकडून पुतणीकडे उतरत नाही, एवढे सांगून विषय मिटवा.

शाळेला सांगावे का? माझ्या मते वर्गशिक्षिकेला सांगावेच, संपूर्ण शाळेला सांगण्याची गरज नाही. डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी घेऊन समक्ष भेटा. ज्या बाईंनी शेरा दिला त्यांच्याशी हिशेब चुकता करण्याची ही वेळ नव्हे. उलट दिवसाचे पाच तास तिला पाहणाऱ्या त्या एकट्याच आहेत आणि औषध लागू पडते आहे की नाही, हे त्यांच्याइतके नेमके तुम्हालाही कळणार नाही. तिला पुढच्या बाकावर बसवावे, थांबली तर हलवू नये, रागावू नये, आणि भानावर आल्यावर सुटलेले वाक्य पुन्हा वाचून दाखवावे, एवढेच मागा.

झटके आटोक्यात येईपर्यंत काही बंधने पाळावी लागतील. पोहायला जाऊ द्या, पण पाण्यात तिच्या हाताच्या अंतरावर मोठे माणूस हवे. संक्रांतीला गच्चीवर पतंग नको, रहदारीत सायकल नको, रस्ता ओलांडताना हात धरायचा आणि लोकलमध्ये दारापासून लांब, आत बसायचे. न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका. बाकी खेळ, सहल, स्नेहसंमेलनातला नाच यांतले काहीही बंद करू नका.

लहान झटक्यात प्रथमोपचाराची गरज नसते. फक्त तो संपेपर्यंत जवळ राहा. ती अर्धवट भानात बराच वेळ, म्हणजे काही मिनिटे, तशीच राहिली तर रुग्णालयात न्या. आणि कधी मोठा झटका आलाच तर तिला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी किंवा बोट घालू नका, कांदा, चप्पल, किल्ल्या बाजूला ठेवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा.

मुलीला काय सांगायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ती घरातल्या कुजबुजीतून काहीतरी गोळा करत असणारच. तिला सांगा की तुझ्या डोक्यातला दिवा कधी कधी क्षणभर मिचकावतो, म्हणून तुला काही शब्द ऐकू येत नाहीत. तू मुद्दाम करत नाहीस, आणि तेव्हा मला हे माहीत नव्हते म्हणून मी तुला मारले. आजीने दृष्ट काढली तर काढू द्या, त्यात कोणाचे काही जात नाही. फक्त सिरपची वेळ टळू देऊ नका. आणि ईईजीला जाताना एक भिरभिरे बरोबर न्या. तिथे असेलच असे नाही, आणि स्वतःचे असले की मुले जास्त वेळ फुंकतात.